भाऊंना ऐकू येत होतं

ऐका ना, हे मला आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ताच. कारण मी स्वतःला ओळखते — थोडा वेळ गेला की मी शहाण्यासारखं वागायला लागेन, फोन चार्जिंगला लावीन, आणि हे जिथे इतकी वर्षं दडून बसलंय तिथेच परत जाऊन बसेल. आईला हे माहीत नाही. ज्या मैत्रिणीला मी माझं सगळं म्हणजे सगळं सांगते, तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. टायपिंगच्या चुका समजून घ्या. परत वाचायला थांबले तर टाकणारच नाही.

मी चोरी केलेली नाही. कुणाला मारलं नाही. पळून गेले नाही. म्हणून तर इतकं लपून राहिलं ना? मोठं काही केलं असतं तर कधीच पकडले गेले असते. मी फक्त एक वाक्य बोलले. बरं, दोन.

आधी भाऊंबद्दल सांगते, नाहीतर काही कळणार नाही. भाऊ म्हणजे माझे वडील. घरातले सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मी पण भाऊच म्हणते, आमच्याकडे असं खूप घरांत असतं. धुळ्यात आग्रा रोडला, सोनगीरकडे जाताना, त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा, आणि त्या जागेत कायम कुणाची तरी जुनी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी. नव्या गाड्या भाऊ घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, त्यांना कॉम्प्युटर लावतात, मग माझं काय काम? लोक दोंडाईचा, शिंदखेडा, पार शिरपूरहून जुन्या गाड्या घेऊन यायचे. का? तर भाऊंचे कान.

खोटं नाही सांगत. भाऊ एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानापुढच्या हाडाला. डोळे मिटून उभे. मग टोक थोडं सरकवायचं, परत ऐकायचं. डॉक्टर छाती तपासतात ना, तसंच. आणि मग सांगायचे — हा वॉटर पंप आहे, हे बेअरिंग आहे, हा टॅपेट आहे.

टॅपेटचं जरा सांगावं लागेल. इंजिनात व्हॉल्व्ह असतात, सारखे उघडझाप करणारे. काही गाड्यांत प्रत्येक व्हॉल्व्हवर एक छोटीशी लोखंडी डबी असते, बाटलीच्या झाकणासारखी पण उंच. तिच्यात ऑइल भरलं की मधली फट आपोआप बुजते आणि इंजिन गुपचूप चालतं. डबीत कचरा अडकला, ऑइल कमी पडलं, डबी झिजली — की फट राहते. मग लोखंडावर लोखंड आपटतं. टक टक टक टक. शिलाई मशीन लांब कुठेतरी चालू असावं तसं. रेस दिली की जोरात. त्यालाच म्हणतात टॅपेट वाजतंय.

हा आवाज ओळखायला भाऊंनी मला शिकवलं. शाळेत असल्यापासून. मी ड्रायव्हर सीटवर बसून रेस द्यायचे आणि ते ऐकायचे, मग ते रेस द्यायचे आणि मी ऐकायचे. म्हणायचे, पंगतीत एवढी माणसं बोलतात तरी तुझी आई हाक मारते ते कळतं ना तुला? तसंच एकेक आवाज वेगळा काढायचा. मला जमायला लागलं. भारी वाटायचं खरं तर! गिऱ्हाइकांना ते सांगायचे, आमच्या पोरीचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

आणि भाऊंची एक पद्धत होती. आता हे नीट वाचा. गाडी दुरुस्त झाली की ते म्हणायचे, "बठ्ठं बंद कर." मग मी पंखा, रेडिओ, हवेचा कॉम्प्रेसर, सगळं बंद करायचे. इंजिन तेवढं चालू. आधी भाऊ ऐकणार, मग दुसरं कुणीतरी. दोघांचं एक झालं तरच गाडी द्यायची. आणि एक नाही झालं तर? तर तरण्या कानाचं खरं धरायचं. हा नियम त्यांनी त्यांच्या उस्तादाकडून घेतलेला. उस्तादाच्या वेळी तरणे कान भाऊंचे होते. नंतर ते माझे झाले.

आलं का लक्षात मी कुठे चाललेय ते? थांबा, सांगते. सांगणारच आहे.

मी कॉलेजात होते. पावसाळा संपत आलेला, सगळं हिरवंगार, आणि आमच्या ग्रुपचं सोनगीरच्या किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. घरी मी सांगितलं होतं, मैत्रिणीकडे प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करायला जातेय. सगळे चौकात माझ्यासाठी थांबलेले आणि खिशात फोन सारखा थरथरतोय. आणि नेमके त्याच दिवशी दोंडाईच्याचे नाना आले.

नाना म्हणजे धान्याचे व्यापारी. त्यांची गाडी नव्वदीतली, पांढरी, त्यांच्या लग्नाच्या आसपास घेतलेली. बायको गेल्यावर पोरं म्हणाली विकून टाका, तर नाना म्हणाले तुमच्या आईची जागा आहे तिच्यात. पुढच्या डाव्या सीटवर ते कुणाला बसूच द्यायचे नाहीत. मी एकदा चुकून बसले तर मला म्हणाले होते, पोरी, मागे बस, तिथे माणूस आहे. भाऊ हसले नव्हते, म्हणून मी पण नाही हसले.

तर त्या गाडीचं टॅपेट वाजत होतं. भाऊंनी घाई केली नाही. आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली — ऑइल काळंकुट्ट आणि कमी. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, गाडी गरम होऊ दिली. आवाज तसाच. मग सायलेन्सरच्या जोडावरून हवा निसटते का पाहिलं, कारण तोही टकटक करून फसवतो. तो नव्हता. मग स्क्रू ड्रायव्हर. एका जागी भाऊ थांबले आणि डोळे न उघडता म्हणाले, "आठे शे." इथेच आहे.

वरचं सगळं खोललं. डब्या काढून अंगठ्यानं एकेक दाबून पाहिल्या. चांगली डबी दगडासारखी कडक लागते. त्या जागेवरची दबत होती. नवी धुळ्यात मिळेना, मुंबईहून मागवावी लागणार, आणि नानांना संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. भाऊंनी ती पेट्रोलनं धुतली, आतला कचरा काढला, ऑइलमध्ये बुडवून दाबून दाबून हवा काढली, परत बसवली. दुपार अशीच गेली. मी दर थोड्या वेळानं फोन बघत होते. येतेय, येतेय, निघालेच.

गाडी चालू झाली. सुरुवातीला सगळ्याच डब्या वाजल्या, ते चालतंच, ऑइल भरेपर्यंत वाजतात. मग एकेक गप्प झाली. नाना रस्त्यापलीकडे चहा पीत होते. भाऊ म्हणाले, बठ्ठं बंद कर. मी केलं. त्यांनी मूठ कानाला लावली. खूप वेळ ऐकलं. मग म्हणाले, "अजून शे. बारीक शे, पन शे. तू ऐक बरं."

मी ऐकलं.

मला आलं ऐकू. स्वच्छ. बारीक होतं, पण होतं. टक टक टक टक.

आणि मी म्हणाले, "नाही भाऊ. काहीच नाही."

कारण आहे म्हटलं असतं तर परत सगळं खोलायचं. परत मी त्या सीटवर, परत रेस. किल्ला गेला. एवढंच. दुसरं काहीही कारण नव्हतं.

ते म्हणाले, नीट ऐक. मी नीट ऐकल्यासारखं केलं. डोळे मिटले — हो, त्यांच्यासारखेच मिटले. मग मी ते दुसरं वाक्य बोलले. हसत बोलले, म्हणजे गंमत वाटावी.

"भाऊ, ते तुमच्या कानातच वाजतंय."

भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं यांनी. पण नाही हो. ते माझ्यावर संशय घेतच नव्हते. त्यांना तसं सुचलंसुद्धा नाही. ते स्वतःवर घेत होते. करंगळी कानात घालून हलवली, परत ऐकलं, आणि हळूच म्हणाले, "मना कान गयात वाटस." मग बॉनेट लावलं आणि मला म्हणाले, "जाय तू. तुले उशीर व्हई राह्यना."

मी गेले. पळतच गेले. किल्ल्यावर खूप मजा केली, तेही सांगते, कारण खरं सांगायचं तर सगळंच सांगायला पाहिजे. मला तिथे काही टोचलं वगैरे नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंसं खोटं, वय लहान होतं. थांबा. अजून आहे.

भाऊंचे हात ऑइलचे असायचे म्हणून गॅरेजचे फोन मी घ्यायचे. दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन. पोरी, घरी शांत जागेत गाडी लावली तर अजून बारीक वाजतेय, बाबांना विचार. भाऊ माझ्यापासून हाताच्या अंतरावर गाडीखाली झोपलेले. त्यांचे पाय दिसत होते. मी उठून बाहेर आले आणि नानांना म्हणाले, भाऊ म्हणाले की नुकतंच साफ करून बसवलंय, चालवून चालवून बसेल. भाऊंच्या नावानं म्हणाले. नाना म्हणाले, त्यांनी सांगितलं ना, मग ठीक. आणि भाऊंनी खालून विचारलं कोण होतं, तर मी म्हणाले राँग नंबर.

त्याच वेळी सांगितलं असतं तर? भाऊ रागावले असते, एक दिवस बोलले नसते, आणि स्वतः दोंडाईच्याला जाऊन गाडी आणली असती. बस, एवढंच झालं असतं. मला हे तेव्हाही माहीत होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी नानांचा परत फोन आला. डबी अडकली होती. तिनं व्हॉल्व्ह हलवणारा वरचा शाफ्ट खाल्ला. शिंदखेड्याला दुसऱ्या मिस्तरीनं इंजिन खोललं, तर त्यानं हात वर केले. नाना ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या भाऊला सांग, गाडी दिली मी भंगारात. त्यांच्याकडून असं होईल वाटलं नव्हतं." मी हो म्हणाले. मी सांगितलं नाही. नानांचा नंबर भाऊंच्या फोनमधून काढून टाकला.

नाना परत आलेच नाहीत. भाऊ मधूनमधून विचारायचे, दोंडाईच्याची गाडी आली नाही बऱ्याच दिवसांत? आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे — माझे कान गेलेत हे कळलं असेल त्यांना, कशाला येतील?

मग भाऊ बदलले. एकदम नाही. आधी प्रत्येक गाडीला मला दोनदा विचारायला लागले. नंतर मी खरं सांगत होते हो, शप्पथ, त्यानंतर प्रत्येक वेळी खरं सांगितलं. पण काय उपयोग? आवाज आहे म्हटलं तरी त्यांना वाटायचं मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणतेय. घरी आई चेष्टा करायची, टीव्ही केवढा मोठा लावता, बहिरे झालात का. पूर्वी ते उलट टोला द्यायचे, तुझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून लावतो. आता गप्प उठून आवाज कमी करायचे.

शेवटी त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं. खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, बारीक बारीक शिट्या ऐकवल्या. मी बाहेर बाकावर. डॉक्टर हसत बाहेर आले, म्हणाले वयाच्या मानानं कान फार चांगले आहेत, मेकॅनिक असून कसे काय राखले? मला इतका आनंद झाला! वाटलं, सुटले. आता सगळं आपोआप नीट होईल, मला काही बोलायला नको.

मग भाऊंचा चेहरा पाहिला.

ते खूश नव्हते. ते घाबरले होते. बस स्टँडवर बसल्यावर म्हणाले, "कान चांगला शेतस. मंग डोकंच बिघडेल शे."

आमचे आबा, म्हणजे भाऊंचे वडील, शेवटच्या काळात नसलेले आवाज ऐकायचे. दारात बैलगाडी आली म्हणायचे, उठून बाहेर जायचे. दार उघडं ठेवायला लावायचे. भाऊंनी ते सगळं काढलं होतं, स्वतःच्या हातानं. आता समजलं का त्यांना काय वाटलं? कान ठीक असताना जो आवाज पोरीला ऐकू येत नाही तो मला येतो — म्हणजे आबांचं माझ्यात आलं. सुरू झालं.

आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते. बस लागायला वेळ होता. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. एक वाक्य बोलायचं होतं — भाऊ, तो आवाज होता. तेवढंच. मी बाटलीचं झाकण उघडलं, त्यांना पाणी दिलं, आणि म्हणाले, तसं काही नसतं भाऊ.

तसं काही नसतं. वा.

त्यानंतर त्यांनी इंजिनाचं काम घेणं सोडलं. ऑइल बदलून द्यायचे, ब्रेक करून द्यायचे. कुणी आवाजाची गाडी आणली की दुसऱ्याचा पत्ता द्यायचे. मग शेड भाड्यानं दिली. आता तिथे सीटकव्हर विकतात. आईला वाटतं वय झालं. नातेवाइकांना वाटतं पोरगी नोकरीला लागली, आता कशाला हात काळे करतील. बाहेर कुणी काही बोलत असलं की भाऊ आधी आमच्या तोंडाकडे बघतात, आम्हाला ऐकू आलं का ते, आणि मगच उत्तर देतात. दारावरची बेल वाजली तरी. आधी आईकडे बघतात. ती उठली की मग उठतात.

मी जळगावात नोकरी करते. एक जुनी गाडी घेतलीय, कुणीतरी वापरलेली. भाऊ चार दिवसांसाठी आलेत. आज सकाळी आम्ही दोघं भाजी आणायला निघालो. काच खाली होती, सिग्नलला थांबलो, आणि मला ऐकू आलं. टॅपेट. बारीक.

मी भाऊंकडे पाहिलं. ते समोर बघत होते. पण त्यांचं बोट गुडघ्यावर वाजत होतं. त्याच ठेक्यात. अगदी तोच ठेका! त्यांना स्वतःला कळत नव्हतं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. लहान मुलाची चोरी पकडली जावी तसा. आणि काच वर केली.

मी म्हणाले, भाऊ, गाडीचं टॅपेट वाजतंय.

ते एकदम वळले. "शे ना?" परत म्हणाले, "शे ना? तुले बी येस?"

मी म्हणाले, हो, स्वच्छ येतंय.

मग त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली. स्वतः उतरले, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, परत घातली. ऑइल कमी. मला दाखवलं, बघ. समोरच्या दुकानातून डबा आणला, ओतलं, गाडी चालू ठेवायला सांगितली. आम्ही दोघं वाकून उभे. हळूहळू आवाज कमी झाला, मग गेला. भाऊंनी विचारलं, आता? मी म्हणाले, आता नाही. "माले बी नही," ते म्हणाले, आणि बोटं फडक्याला पुसत हसले. किती वर्षांनी त्यांना असं हसताना पाहिलं सांगू?

गाडीत बसल्यावर, पट्टा लावताना, सहज म्हणाले —

"आज बरं शे माले."

आज. कळलं ना तुम्हाला? त्यांना वाटतंय त्यांच्या आजाराचा आजचा दिवस चांगला आहे. आज नसलेला आवाज ऐकू आला नाही, असलेलाच आला. उद्याचं सांगता येत नाही.

आत्ता ते पलीकडच्या खोलीत आईशी फोनवर बोलतायत. तिला पण तेच सांगतायत, आज बरं आहे, एकदम बरं आहे. मधे फक्त एक पडदा आहे. मी उठून गेले आणि सांगितलं तर त्यांना त्यांचे कान परत मिळतील, डोकं परत मिळेल. हे मला माहीत आहे. माहीत असून मी इथे बसून तुम्हाला टाइप करतेय.

तुमच्या हातून असं झालंय का? समोरच्याला जे खरंच ऐकू येत होतं, दिसत होतं — ते नाहीच, असं तुम्ही कधी त्याला सांगितलंय? आणि त्यानं ते ऐकलंय?